एकाच नावाचे दोन काटे : केळीच्या बांधावरील हॅन्डहेल्डमध्ये कोणती बिनतारी सोय ठेवावी, याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात काम करणाऱ्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे आहे. कंपनीचे नाव, गावे आणि माणसांची ओळख येथे मुद्दाम वगळली आहे. यंत्रनिवडीच्या कामात मी सल्लागार होतो, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतील निम्म्या तरी माझ्या आहेत, हे आधीच नोंदवतो.

कंपनीचे काम केळीच्या कटाईपासून सुरू होते. पहाटे टोळी बागेत शिरते, घड कापले जातात आणि खांद्यावरून बांधापर्यंत आणले जातात. बांधावर इलेक्ट्रॉनिक काटा मांडलेला असतो. मापाडी वजन मोठ्याने पुकारतो आणि मुकादम ते कार्बन घातलेल्या पुस्तकात उतरवून शेतकऱ्याला चिठ्ठी फाडून देतो. चिठ्ठीची दुसरी प्रत संध्याकाळी कार्यालयात पोहोचते, तेथे मुनीम ती संगणकात भरतो आणि त्या दिवशीच्या भावाने हिशोब होतो. या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा म्हणजे ती कार्बनची प्रत होती. केळीचा चीक कागदाला लागला की काही तासांत डाग काळा पडतो आणि त्याखालचा आकडा एक आहे की सात, यावर पुढचे दोन दिवस वाद चालतो. वजन काट्यावरून थेट यंत्रात यावे, चिठ्ठी जागेवर छापून मिळावी आणि माहिती आपोआप कार्यालयात पोहोचावी, एवढ्यासाठी कंपनीने चोवीस हॅन्डहेल्ड, म्हणजे हातात धरून वापरायचे मजबूत बांधणीचे अँड्रॉइड संगणक, घ्यायचे ठरवले.

पुरवठादार मूळ यंत्रात मागणीप्रमाणे बिनतारी भाग बसवून देत होता. त्याच्या कोटेशनमध्ये वाय-फाय, ब्लूटूथ, ४जी, जीपीएस, एनएफसी (कार्ड किंवा टॅग यंत्राला टेकवून वाचण्याची सोय) आणि लांब पल्ल्याचा आरएफआयडी वाचक (वस्तूवर लावलेला टॅग रेडिओलहरींनी दुरून वाचणारा) अशी यादी होती व प्रत्येकापुढे खुणेसाठी रिकामा चौकोन होता. हे संपूर्ण प्रकरण त्या चौकोनांचे आहे.

प्रश्न

व्यवस्थापकांचे म्हणणे असे की यंत्र पाच वर्षे वापरायचे आहे, तेव्हा एकदाच सगळ्या चौकोनांत खुणा करून मोकळे व्हावे. ज्येष्ठ संचालक, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, त्यांचे मत नेमके उलट होते. जेवढे कमी तेवढे बरे, कारण जे भरले आहे ते कधीतरी बिघडणारच. दोघांचेही म्हणणे खर्चाभोवती फिरत होते. मला मात्र खर्चापेक्षा बॅटरीची आणि मुकादमांच्या वेळेची काळजी अधिक वाटत होती. यंत्रातला प्रत्येक रेडिओ वीज खातो, त्याची एक मांडणी असते, ती बिघडण्याची एक तऱ्हा असते, आणि ती तऱ्हा पहाटे साडेपाचला बागेत कोणालातरी समजावी लागते.

म्हणून आम्ही यादी बाजूला ठेवली आणि कोणाचे कोणाशी बोलणे व्हायला हवे, ते कागदावर मांडले. काट्याने यंत्राशी, यंत्राने छपाईयंत्राशी आणि यंत्राने कार्यालयाशी बोलायचे होते. शिवाय हा माल कोणाचा, कोणत्या गटातला, ही ओळख यंत्राला पटायला हवी होती. मग प्रत्येक बोलण्यापुढे एकच प्रश्न लिहिला, की याला उशीर किती चालेल. काटा आणि छपाई यांना काही सेकंदांपेक्षा अधिक उशीर चालणार नव्हता, कारण मागे टोळी घड घेऊन उभी असते. कार्यालयाला मात्र तासाभराचा उशीरही चालत होता. पॅकहाऊसला, म्हणजे केळी खोक्यांत भरण्याच्या जागेला, आज किती क्विंटल येणार याचा अंदाज दुपारपर्यंत मिळाला की पुरे होते. हे उत्तर व्यवस्थापकांनाही अनपेक्षित होते, कारण तोवरची सगळी चर्चा ‘बागेत नेट मिळेल का’ यावरच झाली होती. एक मुकादम तर त्या बैठकीत वैतागून म्हणाला, “भाऊ, मले चिठ्ठी पायजे, नेट कायले पायजे?” त्याचे बोलणे हसण्यावारी गेले, पण प्रकरणाचा निम्मा निकाल त्यातच होता.

तपासलेले पर्याय

काटा आणि यंत्र यांची जोडणी. कंपनीकडचे काटे जुने पण चांगले होते. काटा पासिंग करताना वैधमापन खात्याने लावलेले सील तोडता येत नाही, त्यामुळे काटा उघडून आत काही नवे बसवण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेरच्या बाजूला मात्र सीरियल पोर्ट, म्हणजे वजनाचा आकडा तारेने बाहेर देणारी जोडणीची जागा, होते आणि त्यात लावायची छोटी ब्लूटूथ डबी बाजारात सहज मिळते. या डब्यांच्या आत बहुधा एचसी-०५ नावाचा भाग असतो. तो जुन्या, म्हणजे ‘क्लासिक’ पद्धतीचे ब्लूटूथ बोलतो. २०१० मध्ये आलेल्या ब्लूटूथ ४.० मधली कमी विजेची नवी पद्धत त्याला कळत नाही. अँड्रॉइड यंत्रात दोन्ही पद्धती असतात, म्हणून अडचण दिसली नाही. दुसरा पर्याय साध्या तारेचा होता. तार कधी चुकीच्या काट्याला जोडली जात नाही, हे वाक्य मी तेव्हा अहवालात लिहायला हवे होते. आम्ही तार नाकारली, कारण घडांच्या ये-जा करणाऱ्या रांगेत ती पायात येते आणि पोर्टचा जोड आठवड्यात ढिला होतो. कारण खरे होते, तरी तारेचा हा गुण वजाबाकीत धरला गेला नाही.

कार्यालयापर्यंतची जोडणी. येथे ४जी की ५जी, हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. एका चिठ्ठीची माहिती हजार बाइटच्या आत बसते. दिवसाला शंभर चिठ्ठ्या झाल्या तरी ती सगळी मिळून मोबाइलमधल्या एका साध्या छायाचित्राहून लहान भरते. वेग हा मुद्दाच नव्हता, पोहोच हा होता. आपल्याकडे ४जी सेवा ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालते आणि कोणती कंपनी कोणत्या पट्ट्यात आहे, हे वेगवेगळे असते. जितकी फ्रिक्वेन्सी कमी, तितकी लहर दूर जाते आणि झाडीतून पार होते. पुरवठादाराच्या दोन ४जी भागांपैकी स्वस्त भागात ८५० आणि ९०० हे दोन्ही पट्टे नव्हते. तालुक्याच्या गावात तो व्यवस्थित चालला. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, जेथे टॉवर विरळ आहेत, तेथे याच दोन पट्ट्यांवर सगळी भिस्त असते. कोटेशनमध्ये दोन्हीपुढे फक्त ‘४जी’ एवढेच लिहिले होते. फरक तांत्रिक पत्रकाच्या शेवटच्या पानावर, पट्ट्यांच्या क्रमांकांत दडलेला होता.

वाय-फाय. हा रेडिओ ब्लूटूथच्याच चिपमध्ये येतो, त्यामुळे तो वगळून पैसे वाचत नव्हते. त्याला चालू कोठे ठेवायचे, हा खरा प्रश्न होता. पॅकहाऊसमध्ये तेरा किलोच्या खोक्यांची मोजदाद करायला तो उपयोगी होता, बागेत त्याचे काहीच काम नव्हते. चालू राहिला तर तो सतत नेटवर्क शोधत राहतो आणि २.४ गिगाहर्ट्झचा तोच पट्टा ब्लूटूथसोबत वाटून घेतो. म्हणून पॅकहाऊसमध्ये ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय वापरायचे आणि बागेत सॉफ्टवेअरनेच ते बंद करायचे, असे ठरले.

एनएफसी. व्यवस्थापकांना प्रत्येक सभासदाला कार्ड द्यायचे होते. कार्ड यंत्राला टेकवले की शेतकऱ्याचे नाव आणि गट नंबर समोर यावा. कल्पना नवी नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बंगळुरूत तयार झालेल्या सिंप्युटर या हॅन्डहेल्ड संगणकातही यंत्र सामाईक आणि स्मार्टकार्ड ज्याचे त्याचे, असाच विचार होता. आमच्याकडे अडचण अशी की कटाईच्या वेळी बागेचा मालक बांधावर असेलच असे नाही. कधी मुलगा असतो, कधी सालदार, आणि कार्ड घरी कपाटात. मुकादमाला तर सगळे शेतकरी तोंडपाठ होते. एनएफसीचा चौकोन रिकामा राहिला.

लांब पल्ल्याचा आरएफआयडी आणि लोरा. आरएफआयडीची कल्पना घडांना टॅग लावण्याची होती. केळीच्या खोडात आणि घडात पाणीच पाणी असते आणि लांब पल्ल्याच्या आरएफआयडीच्या लहरी पाणी गिळून टाकते, म्हणून ती तेथेच संपली. लोराचा, म्हणजे थोडी माहिती दूरवर पाठवणाऱ्या एका बिनतारी पद्धतीचा, आग्रह आमच्या गटातल्या एका तरुण अभियंत्याने धरला होता. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो, थोड्या विजेत काही किलोमीटरपर्यंत माहिती जाते आणि मोबाइल कंपनीवर अवलंबून राहावे लागत नाही, हे त्याचे सगळे मुद्दे बरोबर होते. पण त्यासाठी कंपनीला गावोगावी स्वतःचे मनोरे आणि केंद्रे सांभाळावी लागली असती, आणि यंत्रात नवा रेडिओ घातला की त्याची मान्यता नव्याने घ्यावी लागते. तासाभराचा उशीर चालतो, हे एकदा मान्य केल्यावर एवढा खटाटोप करण्याचे कारण उरले नाही.

जीपीएस वेगळा मागावाच लागला नाही, तो ४जीच्या भागात होताच. तो ठेवला, मात्र त्यावरून कोणाचाही हिशोब ठरणार नाही, असे लेखी कळवावे लागले, कारण आपल्यावर पाळत ठेवली जाते आहे अशी कुजबुज मुकादमांमध्ये सुरू झाली होती.

निर्णय आणि अंमलबजावणी

अखेर ब्लूटूथ, कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांसह महाग ४जी, आपोआप येणारे वाय-फाय व जीपीएस, असा संच ठरला. प्रत्येक चिठ्ठी आधी यंत्रातच साठवायची आणि नेटवर्क मिळेल तेव्हा पाठवायची, हे सॉफ्टवेअरचे मूळ तत्त्व झाले. बॅटरी वाचावी म्हणून आणखी एक नियम घातला गेला. पडदा विझला की यंत्राने काट्याची जोडणी सोडावी आणि पडदा उजळला की पुन्हा जोडावी. या नियमाची सूचना माझी होती.

चाचणी फेब्रुवारीत, पॅकहाऊसच्या मोकळ्या आवारात झाली. एक काटा, एक छपाईयंत्र आणि चार हॅन्डहेल्ड होते. तीस पावलांवरूनही वजन येत होते आणि सगळे खूश झाले. त्या आवारात मालाने भरलेला ट्रक नव्हता, घडांचा ढीग नव्हता आणि मुख्य म्हणजे दुसरा काटा नव्हता.

प्रत्यक्षात काय घडले

मे महिन्यात मृगबागेची, म्हणजे आदल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीची, कटाई जोरात सुरू झाली. पहिली तक्रार उन्हाची आली. लिथियम बॅटरीचे चार्जिंग साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर थांबवले जाते. पिकअपच्या काचेमागे ठेवलेले यंत्र दुपारी त्याहून कितीतरी तापत असे, आणि चार्जर लावूनही आकडा वर सरकत नसे. त्यात भर म्हणून, जेथे टॉवर लांब तेथे ४जीचा रेडिओ पूर्ण जोर लावतो, म्हणजे साधारण २०० मिलिवॉट. डबीतल्या ब्लूटूथचे काम दोन-अडीच मिलिवॉटमध्ये भागते. यावर उपाय सोपा निघाला. बागेत ४जीही बंद ठेवायचे आणि माल भरून गाडी रस्त्याला लागली की चालू करायचे. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरू लागली.

दुसरी घटना मात्र साधी नव्हती. एका पाटाच्या दोन्ही बाजूंच्या दोन बागांत एकाच सकाळी कटाई होती. दोन टोळ्या, दोन मुकादम, दोन काटे, आणि काट्यांमध्ये अंतर पंचवीस पावलांचे. दोन्ही डब्या बाजारातून आल्या तशाच लावलेल्या होत्या, म्हणजे दोन्हींचे नाव ‘एचसी-०५’ आणि दोन्हींचा संकेतांक १२३४. ही डबी एका वेळी एकाच यंत्राशी बोलते. पहिल्या मुकादमाने यंत्र बांधावर ठेवून चहा घेतला, तेवढ्यात पडदा विझला आणि आमच्या नियमाप्रमाणे त्याच्या काट्याची जोडणी सुटली. त्याच क्षणी पलीकडच्या मुकादमाने आपले यंत्र उघडले. यादीत एकाखाली एक दोन एचसी-०५ होते. त्याने वरचे दाबले आणि तो पाटापलीकडच्या काट्याला जाऊन जोडला गेला. पहिला मुकादम चहा संपवून परत आला, तेव्हा त्याला मोकळे असलेले एकच एचसी-०५ दिसले, त्याने ते घेतले. दोन्ही यंत्रांची अदलाबदल झाली आणि दोन्ही पडद्यांवर ‘जोडले आहे’ अशी हिरवी खूण होती.

ही चूक ना यंत्राने पकडली, ना आम्ही. ती पकडली एका बागेच्या मालकीणबाईंनी. त्या काट्याजवळच बसून लाल आकडे वाचत होत्या आणि हातातल्या चिठ्ठीवरचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहत होत्या. “काट्यावर येक अन् चिठ्ठीत येक, असं कायले?” एवढेच त्यांनी विचारले. मुकादम आधी यंत्राच्याच बाजूने बोलला. यंत्र चुकत नाही, असे आम्हीच त्याला प्रशिक्षणात सांगितले होते. बाईंनी पुढचे वजन त्याला स्वतःच्या तोंडाने वाचायला लावले, तेव्हा तो गप्प झाला.

त्या सकाळच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या चिठ्ठ्या रद्द कराव्या लागल्या. पहिला महिना कार्बनचे पुस्तकही समांतर चालू ठेवावे, हा अप्पांचा हट्ट होता आणि तेव्हा तो मला जुनाट वाटला होता. त्याच पुस्तकावरून खरी वजने मिळाली, हिशोब दुरुस्त झाला आणि प्रकरण त्या दोन बागांच्या बाहेर गेले नाही. पुस्तक नसते तर कंपनीकडे दुसरा कोणताही पुरावा नव्हता, हे स्पष्टपणे लिहिणे भाग आहे.

दुरुस्ती आणि निष्पत्ती

त्याच आठवड्यात प्रत्येक डबीला वेगळे नाव आणि वेगळा संकेतांक दिला. डबी सीलच्या बाहेर असल्याने त्याला कायद्याची आडकाठी नव्हती. तोच क्रमांक ऑइलपेंटने काट्यावर मोठा लिहिला आणि चिठ्ठीवरही छापला जाऊ लागला. पडदा विझल्यावर जोडणी सोडण्याचा नियम काढून टाकला. ४जी बंद ठेवल्याने त्याची गरजही उरली नव्हती. यादीतून काटा निवडण्याची सोयच काढली. त्याऐवजी काट्याच्या दर्शकावर क्यूआर चिकटवला, ज्यात त्या डबीचा पत्ता होता. मुकादमाने सकाळी तो यंत्राच्या कॅमेऱ्याने वाचायचा आणि दिवसभर यंत्र दुसऱ्या कोणत्याही काट्याला हात लावणार नाही.

अदलाबदल पुन्हा झाली नाही. संध्याकाळी कार्यालयात चिठ्ठ्या भरण्याचे काम संपले आणि मुनीम आता फक्त फरक तपासतो. पायथ्याच्या गावांतून माहिती पोहोचायला कधी दुपार उलटते, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. क्यूआरचे मात्र दोन महिन्यांत हाल झाले. चिकाचे हात, धूळ आणि पावसाळ्यातला ओलावा यांनी अर्धे कागद वाचता येईनासे झाले आणि ते पुन्हा पुन्हा बदलावे लागले.

वेगळे काय करता आले असते

चाचणी मोकळ्या आवाराऐवजी उभ्या बागेत, भरलेल्या गाडीच्या आड आणि दोन काटे शेजारी मांडून व्हायला हवी होती. आम्ही जोडणी होते का, एवढेच तपासले. चुकीची जोडणी होऊ शकते का, हे तपासलेच नाही. यंत्रनिवडीच्या बहुतेक चर्चांत पल्ला जितका लांब तितका चांगला मानला जातो. येथे पल्ला लांब होता म्हणूनच पाटापलीकडचा काटा हाताशी आला.

दुसरा निर्णय एनएफसीचा. तो शेतकऱ्यांच्या कार्डासाठी नाकारला, ते आजही मला योग्य वाटते. पण त्या चौकोनाकडे आम्ही कार्ड म्हणूनच पाहिले. एनएफसीचा पल्ला जेमतेम चार सेंटीमीटर असतो, आणि आपण नेमक्या कोणत्या काट्यासमोर उभे आहोत हे यंत्राला सांगण्यासाठी हीच आखूड नजर हवी होती. काट्यावर चिकटवायचा एनएफसीचा टॅग प्लास्टिकखाली बंद असतो, त्याला चीक लागला तरी फरक पडत नाही. धातूवर साधा टॅग चालत नाही, मागे फेराइटचा थर असलेला लागतो, एवढे पथ्य पाळले की झाले. कोणाचे कोणाशी बोलणे व्हायचे ते आम्ही कागदावर मांडले होते, परंतु बोलण्यापूर्वी ओळख पटवण्याची जागा फक्त माल आणि शेतकरी यांच्यापुढे ठेवली. काट्यापुढे ती लिहिली नाही.

तिसरी गोष्ट प्रशिक्षणाची. यंत्र चुकत नाही, हे वाक्य आता काढले आहे. मापाडी पूर्वीसारखाच वजन पुकारतो आणि मुकादम पडद्यावरचा आकडा पाहून ‘हो’ म्हणतो, मगच चिठ्ठी छापली जाते. यात प्रत्येक वजनामागे दोन-तीन सेकंद जातात आणि टोळीने अजून तरी त्याबद्दल कुरकुर केलेली नाही.

यंदा कंपनी आणखी दहा यंत्रे घेत आहे. नव्या कोटेशनमध्ये एनएफसीच्या चौकोनात खूण आहे, आणि तिच्या शेजारी अप्पांनी पेनाने लिहिले आहे : ‘कार्डासाठी नव्हे, काट्यासाठी.’